बाथरूमच्या भिंतीवरचा विनोद पावसाळ्यात कसा टिकवावा, आणि घरात कसा टिकवावा

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच कळेल. सिंहगड रोडला भाड्याचा दोन बीएचके. कॉमन बाथरूम पाच बाय सात फूट, संडास आणि अंघोळ एकत्र, टाइल्स पांढऱ्या. मे महिन्यात तुम्ही चार विनोदी पोस्टरं ऑनलाइन मागवून लावलीत. ऑगस्टपर्यंत त्यातली दोन फुगली, एक सुटून खाली पडलं. चौथं अजून धड आहे, पण त्याच्याकडे आता घरात कुणी बघत नाही. मिस्टरांना पुणेरी पाट्या हव्यात, सासूबाईंना तिथे काहीच लावलेलं नकोय, नऊ वर्षांच्या मुलाला सगळंच हवंय. आणि तुमचा प्रश्न आहे की टिकणारं पोस्टर कुठे मिळेल.

मी पुण्यात बावीस वर्षं घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. माझ्या मते तुमचं खरं दुखणं ते चौथं पोस्टर आहे. पहिली तीन पाण्याने गेली, त्यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. चौथं मात्र शाबूत असून मेलं, कारण तोच विनोद दिवसातून पाच वेळा समोर आला. दिवाणखान्यातलं चित्र आपण येता-जाता बघतो. बाथरूममध्ये माणूस एकटा असतो, हातात काही नसतं आणि नजरेला जायला दुसरी जागा नसते. तिथला विनोद इतर कुठल्याही भिंतीपेक्षा लवकर शिळा होतो. म्हणून मटेरियलइतकाच विचार मजकुराचा करायला हवा.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. टाइल चकचकीत आहे की मॅट? अंघोळ शॉवरने होते की बादली-मगने? खिडकी नुसत्या काचपट्ट्यांची आहे की एक्झॉस्ट फॅनही आहे? घरमालक भोक पाडू देतात का? पाणी पालिकेचं येतं की टँकर-बोअरचं? पुढे जिथे यांमुळे उत्तर बदलतं तिथे तसं सांगते.

आधी पाणी. नेटवर बाथरूममधल्या फ्रेमांचे जे सुंदर फोटो दिसतात, ती बाथरूमं बहुतेक कोरडी असतात: शॉवर काचेच्या आड, जमिनीवर पायपुसणं, भिंतीला नुसता रंग. आपल्याकडे मगाने अंगावर घेतलेलं पाणी चारी बाजूंना उडतं, अंघोळ झाली की जमीन धुतली जाते आणि आठवड्यातून एकदा ब्रशने भिंतही घासली जाते. टॉयलेट साफ करायच्या अॅसिडची वाफ लोखंडी खिळे आणि फ्रेमच्या कड्या खाते, ते वेगळंच. त्यामुळे कुठली भिंत कोरडी आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. वर्तमानपत्राचे हातभर लांबीचे पट्टे मास्किंग टेपने चारी भिंतींवर वेगवेगळ्या उंचीला लावा आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांना नेहमीसारखी अंघोळ करू द्या. जिथे कागद भिजून चिकटला ती ओली जागा. जिथे नुसत्या सुरकुत्या पडल्या तिथे शिंतोडे जातात. जिथला कागद सपाट राहिला ती तुमची जागा. मी प्रत्येक घरात हे करते आणि जवळपास प्रत्येक घरात एखादी भिंत मला चकवते. पाच बाय सातच्या बाथरूममध्ये कोरडी जागा बहुधा दाराच्या मागे, दारावरच्या पट्ट्यात आणि फ्लशच्या टाकीच्या वर सापडते.

तुमची पोस्टरं नुसत्या शिंतोड्यांनी गेलेली नाहीत. कागद हवेतला ओलावा ओढून फुगतो. पुण्यात चैत्र-वैशाखात हवा ठणठणीत कोरडी असते, तेव्हा तुम्ही ती लावलीत. जूनपासून हवा दमट झाली, त्यात वाळत घातलेले कपडेही बहुतेक घरांत बाथरूममध्येच असतात. पोस्टरला फक्त पुढून लॅमिनेशन असलं तर मागचा उघडा कागद ओलावा घेऊन पसरतो, पुढचं प्लॅस्टिक पसरत नाही, आणि कडा पुढे वळायला लागतात. वळलेली कड टेपला रोज थोडी थोडी ओढते. दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलं पण कागदाच्या कडेला लागूनच कापलं, तरी तेच होतं, कारण पाणी कापलेल्या कडेतून आत शिरतं. म्हणून लॅमिनेशन करून घेताना कागदाच्या बाहेर चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर नुसतं प्लॅस्टिक ठेवायला सांगा. दुकानदार सवयीने कापून टाकतो, तेव्हा मशीनपाशी उभं राहून सांगा.

कायमच्या वस्तूसाठी कागदाच्या वाटेला जाऊ नका. शिंतोड्यांच्या पट्ट्यात तीन किंवा पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका, ताठ प्लॅस्टिकचा बोर्ड), त्यावर व्हिनाइल प्रिंट आणि वर लॅमिनेशन, हे चालतं. फक्त सनबोर्ड पीव्हीसीचाच मागा, कारण मधे फोम आणि वर कागद असलेला बोर्डही दिसायला तसाच असतो आणि तो बाथरूममध्ये भिजतो. त्याहून सुंदर म्हणजे तीन मिलिमीटरच्या पारदर्शक अॅक्रिलिकला मागून केलेली छपाई. पुढून कितीही पुसलं तरी रंगाला हात लागत नाही. अगदी ओल्या भिंतीसाठी छापलेली सिरॅमिक टाइल. नारायण पेठ-सदाशिव पेठेच्या छपाईच्या दुकानांत पहिल्या दोन गोष्टी चौरस फुटाच्या दराने होतात, आणि तुमचा आकार लहान असल्यामुळे एका शीटमध्ये दोन-तीन पाट्या बसवून घ्या. काचेची फ्रेम मात्र नको. अनवाणी पाय, ओली जमीन आणि फुटलेली काच एकत्र येऊ नयेत. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, तोही नको. सुरुवातीच्या काळात मी एरंडवण्यातल्या एका घरात एमडीएफवर चिकटवलेली चित्रं लावली होती. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या कडा बिस्किटासारख्या फुगल्या. सगळी माझ्या खर्चाने बदलून दिली आणि त्यानंतर बाथरूममध्ये एमडीएफ कधीच वापरलं नाही.

आता मजकूर. इथे जरा रेंगाळते, कारण माझ्या अनुभवात बाथरूममधला विनोद दोनच प्रकारांत वर्षानुवर्षं टिकतो. एक, जी पाटी रोज काहीतरी काम करते. दोन, ज्या चित्रात शब्दच नसतात. बाकी सगळं बदलतं ठेवायचं.

मिस्टरांची पुणेरी पाटीची कल्पना चांगली आहे, पण बाजारात छापील मिळते ती पाटी आणू नका. वाड्याच्या दारावरची पाटी जिवंत वाटते, कारण तिच्यामागे खरोखर वैतागलेला माणूस असतो. कुणीतरी रोज त्याच्या दारासमोर स्कूटर लावतो, कुणीतरी दुपारी कडी वाजवतो, म्हणून तो लिहितो. तेवढाच मजकूर उचलून तुमच्या बाथरूममध्ये आणला की वैताग मागे राहतो आणि हाती उसना विनोद येतो. त्यापेक्षा तुमच्या घरातला खरा वैताग शोधा. एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून विचारा की बाथरूमवरून घरात भांडण कशावरून होतं. गीझर चालू राहतो, बादली भरून वाहते, कुणीतरी आत जाऊन टॉवेलसाठी हाका मारतं, कुणीतरी अर्धा तास बाहेर येत नाही. त्यातून पाटी आपोआप निघते. माझ्या कामांतल्या काही सांगते. गीझरच्या बटणापाशी: ‘गीझर बंद केलात? पुन्हा एकदा बघा. आता जा.’ नळाच्या वर: ‘बादली भरली हे नळाला कळत नाही.’ गाणारे आजोबा असलेल्या घरात: ‘गाण्यास हरकत नाही. कडवी दोनच.’ आणि मला सगळ्यांत आवडलेली, दाराच्या बाहेरच्या बाजूला: ‘टॉवेल घेतला आहे ना?’ कोथरूडच्या त्या घरात ही पाटी सात वर्षांपूर्वी लावली. आता तिच्यावर कुणी हसत नसेलही, पण रोज कुणीतरी ती वाचून मागे वळतं आणि टॉवेल घेऊन येतं. विनोद शिळा झाला तरी गरज रोज ताजी असते, म्हणून अशी पाटी भिंतीवर हक्काने राहते.

लिहिताना एक पथ्य पाळा. पाटी घरच्यांना उद्देशून असावी, पाहुण्यांना नाही. ‘फ्लश केल्याशिवाय बाहेर पडू नये’ हे वाचून पाहुण्याला वाटतं की आपल्याविषयीच कुणी तक्रार केली आहे. आरशापाशी वजनावरून, केसांवरून, वयावरून काही नको. तिथे माणूस आधीच स्वतःकडे बारकाईने बघत असतो. नवरा-बायकोवरचे विनोद मुलाच्या नजरेसमोर रोज नकोत. संडासावरचे थेट विनोद नऊ वर्षांच्या मुलाला आठवडाभर फार आवडतील आणि मग तुम्हाला ते वर्षभर सांभाळावे लागतील. देव, संत, महापुरुष, घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो यांपैकी काहीही बाथरूममध्ये येऊ देऊ नका, विनोदाने तर मुळीच नाही.

यावरून सासूबाईंकडे येते. त्यांचा विरोध बाजूला सारू नका, तो ऐकून घ्या. अशा अनेक आज्यांशी मी बोलले आहे आणि विनोदाला त्यांचा विरोध क्वचितच असतो. वाड्यात न्हाणीघर वेगळं असायचं, तिथे तांब्याचा बंब, अंगावर पाणी घेताना तोंडी श्लोक, अंघोळ झाली की थेट देवपूजा. संडास मागे, लांब. फ्लॅटमध्ये दोन्ही एका खोलीत आलं. शिवाय अक्षर म्हणजे सरस्वती, लिहिलेल्या कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारी ही पिढी. कमोडच्या समोर मराठी अक्षरं लटकलेली त्यांना खुपतात, आणि ते मला समजतं. म्हणून मी अशा घरांत शब्दांच्या पाट्या दाराबाहेर, बेसिनपाशी किंवा गीझरच्या बटणाजवळ ठेवते आणि कमोडच्या समोर फक्त चित्र लावते. बहुतेक घरांत एवढ्यावर वाद मिटला आहे. तुमच्याकडे मिटेल की नाही हे त्यांनाच विचारा. नाही म्हणाल्या तर दाराच्या आत काही लावू नका. बाहेरची बाजूही पुरते.

शब्द नसलेल्या चित्राचा फायदा आणखी मोठा आहे. शि. द. फडणीस यांची शब्दांवाचून हसवणारी चित्रं आपण दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर पाहिली, अनेकांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही पाहिली. तसल्या चित्रात आधी काहीतरी विचित्र दिसतं, मग कळतं, आणि नंतरही कोपऱ्यातलं काहीतरी नवीन सापडतं. वाक्य एका दमात संपतं, चित्रात नजर फिरत राहते. फक्त एक विनंती. नामवंत व्यंगचित्रकारांची चित्रं नेटवरून उतरवून छापून घेऊ नका. आपल्या कायद्यात चित्राचे हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. आर. के. लक्ष्मण २०१५ साली पुण्यातच गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०७५ अखेरपर्यंत आहेत. अधिकृत प्रत विकत मिळत असेल तर जरूर घ्या.

पण तुमच्या घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला सगळंच हवं आहे. माझा सल्ला असा की चित्रं त्याच्याकडून काढून घ्या, पाण्यावरच्या म्हणींची, आणि म्हण खाली लिहूच नका. पालथ्या घड्यावर मोठ्या निष्ठेने पाणी ओतणारा माणूस. गळका नळ, खाली तळं, तळ्यात होडी: थेंबे थेंबे तळे साचे. बेसिनच्या वर, नदीकाठी रांगेत उभे राहून हात धुणारे लोक. भिंतीला कान लावून उभे असलेले दोन गंभीर शेजारी, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. कर्वेनगरच्या एका घरात दहा वर्षांच्या मुलीने अशी सहा चित्रं काढली. पाहुणे बाहेर येतात ते म्हण ओळखून, आणि ओळखता आली नाही तर विचारत येतात. तिथे आजींनीच पुढच्या म्हणी सुचवल्या. चित्र जाड काळ्या पेनने पांढऱ्या कागदावर काढू द्या, एक रंग पुरे, मग स्कॅन करून छापा. मूळ कागद जपून ठेवा, भिंतीवर त्याची प्रतच जाऊ द्या.

छपाईआधी शब्दांच्या पाट्यांबाबत एक तांत्रिक गोष्ट. फोनवर टाइप केलेला मराठी मजकूर दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, वेलांट्या सरकतात. मजकूर पीडीएफ करून द्या आणि छापण्याआधी पडद्यावर अक्षर न् अक्षर वाचा. पुण्यात पाटीवरची शुद्धलेखनाची चूक पहिल्या पाहुण्याला दिसते आणि मग पाटी त्या चुकीसाठीच ओळखली जाते. ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा, नाहीतर खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीच्या उकारांत घुसतात.

आकार आणि उंची. एवढ्या बाथरूममध्ये चार पोस्टरं जास्त होतात, दोन जागा पुरेत. कमोडसमोरचं चित्र ए-फोरपेक्षा मोठं नको. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर येतात, चित्राचा मध्य तिथे ठेवा. उभ्याने बघायच्या जागी तोच मध्य १४५ ते १५० सेंटिमीटरवर. खाली बसायचं भांडं असेल तर स्वतः बसून टेप धरून मोजा. दुकानात किंवा ऑफिसात ज्या उंचीला फ्रेम लावतात, त्या उंचीला लावलेलं चित्र कमोडवर बसलेल्याला मान वर करून बघावं लागतं, आणि मग ते कुणी बघत नाही.

चिकटवणं. तुमची टेप सुटली त्याचं कारण बहुधा भिंतीवर न दिसणारा साबणाचा थर, आणि पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर त्यावर क्षारांचा पांढरा थर. क्षार असतील तर आधी व्हिनेगरने पुसून साध्या पाण्याने धुवा. पूर्ण वाळल्यावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटने पुसा. टेप चांगल्या प्रतीची, अॅक्रिलिक फोमची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी घ्या. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. तुकडे टाइलच्या मधोमध येतील असे लावा, सांध्यावर नकोत. टेप उभ्या पट्ट्यांत लावा, म्हणजे मागे गेलेलं पाणी खाली निथळतं. अर्धा मिनिट जोर देऊन दाबा. आणि ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते म्हणजे थांबणं. ही टेप लावल्या लावल्या धरते असं वाटतं, पण पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात. पहिला दिवस तरी त्या बाथरूममध्ये गरम पाण्याची अंघोळ नको, दुसऱ्या बाथरूमवर भागवा. टाइल मॅट किंवा खडबडीत असेल तर टेपचा भरवसा नाही. तिथे न्यूट्रल (आंबट वास न येणाऱ्या) सिलिकॉनचे चार ठिपके आणि ते वाळेपर्यंत मास्किंग टेपचा आधार.

भोकं पाडू नका. भाड्याचं घर आहेच, शिवाय नळापासून आणि गीझरपासून भिंतीतून पाइप गेलेले असतात. घर सोडताना सनबोर्ड ओढून काढू नका. हेअर ड्रायरने टेप थोडी गरम करा आणि मागून तंगूस (मासे पकडायचा नायलॉनचा धागा) आरीसारखी पुढे-मागे फिरवा. उरलेला चिकटपणा अंगठ्याने गुंडाळून निघतो, राहिलेला स्पिरिटने.

राहिला बदलता भाग. दाराजवळच्या कोरड्या पट्ट्यात ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्म्या) आकाराचा अॅक्रिलिकचा पारदर्शक खिसा चिकटवा, हॉटेलात टेबलावर मेनूसाठी असतो तसा, पण भिंतीवर सपाट बसणारा. त्यात मुलाचं नवं चित्र, मिस्टरांना सुचलेली नवी पाटी, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून. महिन्याला एक बदललं तरी पुष्कळ. चकचकीत टाइल असेल तर व्हाइटबोर्डच्या मार्करने थेट कोरड्या टाइलवरही लिहिता-पुसता येतं. आधी कोपऱ्यात करून बघा आणि सांध्याच्या सिमेंटला शाई लागू देऊ नका, ती तिथून निघत नाही.

हे सगळं एकदम करू नका. पुढच्या रविवारी फक्त वर्तमानपत्राचे पट्टे लावा आणि संध्याकाळी घरातल्या भांडणांची यादी काढा. पहिली पाटी दाराच्या बाहेर लावा, तिथे पाणी नाही आणि सासूबाईंची हरकतही नसावी. चित्रं मुलाला सावकाश काढू द्या. टाइल चकचकीत की मॅट आणि एक्झॉस्ट फॅन आहे की नाही, एवढं मला कळवा; मॅट असेल तर सिलिकॉन नेमकं कुठे आणि किती लावायचं ते भिंतीचा फोटो बघून सांगते.